बोंबलाचा वास

खालच्या मजल्यावरून तळलेल्या बोंबलांचा वास आला, की पार्ल्याचे ते दिवस आठवतात. आमच्या सोवळ्या घरात कांदासुद्धा चोरून यायचा. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास पंचेचाळिशीतले बाबा अचानक केसांना कलप लावून दर रविवारी ‘मित्राकडे’ गोराईला जाऊ लागले. “नक्की बाईची भानगड!” म्हणत आईने एका संध्याकाळी अत्तराच्या शोधात त्यांचा शर्ट हुंगला आणि ती कडाडली, “अहो, बोंबील खाऊन आलात? आणि तेही शिळे?” मान खाली घातलेल्या बाबांनी हळूच वर पाहिलं. ताजे-शिळे हिला कसं कळलं, हे विचारायची हिंमत त्यांना जन्मभर झाली नाही. आता मी विचारलं, की म्हातारी आई म्हणते, “इश्श, काहीतरीच!” आणि उठून खिडकी सताड उघडते.