नर्सबाईंनी मिळवलेला होकार

त्या गावात चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाला या जगातली पहिली चापटी नर्सबाईंच्या हातची बसली होती. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत, लोखंडी खाटेवर. सलूनवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझ्या डोक्यावर पहिला हात बाईंचा पडला, तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या डोक्यांवर हात फिरवतोय." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "तू पायाळू होतास रे. डोकं शेवटी येणार होतं, अजून वाट बघतोय आम्ही."

अशा बाईंकडे कंपनीची माणसं आली, यात नवल नव्हतं.

झालं होतं असं. हवा तापत चालली म्हणून सरकारने एक यादी केली होती. कुठल्या उद्योगाला हरित म्हणायचं आणि पर्यावरणाच्या नावाने जमणारा पैसा कुठे लावायचा, हे त्या यादीवरून ठरायचं. अणुवीज तिच्यात घ्यायची की नाही, यावर राजधानीत बरीच वर्षं भांडणं झाली. शेवटी घेतली, पण एका अटीवर. वापरून झालेलं इंधन कायमचं पुरायला जागा हवी, आणि तिथल्या लोकांचा होकार हवा. हे काम घेतलेल्या कंपनीचे तज्ज्ञ जागा शोधत फिरले आणि गावामागच्या टेकडीपाशी येऊन थांबले.

कंपनीचा संपर्क अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. तो बाईंना टेकडीखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. लांबट लाकडी खोक्यांत जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्या मांडून ठेवल्या होत्या. "आमच्यावर विश्वास ठेवू नका, बाई," तो म्हणाला. "हात लावून बघा." बाईंनी एका कांडीवरून बोट फिरवलं. थंडगार, गुळगुळीत, कुठे केसाएवढी चीर नाही.

बाईंना भुलवून नेलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. शेवटची वर्षं म्हातारा उशांच्या ढिगाला टेकून बसूनच झोपायचा, आणि खोकला की भांड्यात काळं पडायचं. कोळसा बंद व्हावा असं मनापासून वाटणारं गावात कुणी असेल, तर त्या बाई होत्या. कंपनीची निळी पिशवी खांद्याला लावून त्या दारोदार फिरल्या. "माझ्या बापाला कोळशाने खाल्लं," त्या सांगायच्या. "धूर नको, वीज तर हवी. मग उरलंसुरलं कुठेतरी ठेवायला नको? खडक भक्कम आहे. मी हात लावून आलेय."

सलूनवाल्याने वस्तरा पुसत विचारलं, "खडक चांगला असेल हो बाई. पण आपण एकदा हो म्हटलं, की ते कुठवर?"

"कुठवर म्हणजे? कायमचंच पुरायचंय ते."

"इंधनाचं नाही विचारत. आपल्या होकाराचं विचारतोय."

"तुझं डोकं आलं वाटतं एकदाचं," बाई म्हणाल्या. दुकानात हशा पिकला आणि प्रश्न तिथेच राहिला.

गावाने होकार दिला. बोलणं दोन चालू वीजकेंद्रांच्या इंधनाचं झालं होतं. अधिकाऱ्याने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

मग रस्ता रुंद झाला, शाळेला नवं छप्पर आलं, बंद पडलेली दुकानं उघडली. टेकडीच्या पोटात बोगदा जाऊ लागला. त्यात अजून काहीच ठेवलेलं नव्हतं. वेशीवर किरणं मोजणारं यंत्र लावलं होतं, त्यावरचा आकडा जन्मात हलला नाही.

पहिल्यांदा बेकरीवाल्याची सून म्हणाली, "बाई, बाळंतपणाला मी माहेरी जातेय." बाईंना त्यात काही वाटलं नाही. मग शिंप्याची मुलगी शहरात मावशीकडे गेली. तिला मावशी होती हे बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. पोस्टमनची बायको तर न सांगताच गेली. रस्त्यात गाठ पडली की बायका ओढणी, पदर, पिशवी, जे हाताशी असेल ते पोटावर घेत आणि हवापाण्याचं बोलत. बाई रोज हत्यारं उकळून ठेवत, चादर बदलत. पाळण्यातल्या बाळांचं वजन करायच्या काट्यावर धूळ बसायला लागली.

मग शहरात दिलेल्या त्यांच्या मुलीचाच फोन आला. तिला दिवस गेले होते.

"कधी येतेस?" बाईंनी विचारलं.

"आई, मी इथेच राहीन म्हणते."

"अगं, सगळं गाव माझ्या हाताखालून गेलंय, आणि तू..."

"तुझ्या हाताबद्दल नाही गं बोलत मी. तूच ये ना इकडे."

पहिला बोगदा तयार झाला तेव्हा भर दुपारी इंधनाची पहिली गाडी आली. लांबलचक, माणसाच्या चालीने सरकणारी. वर घराएवढं राखाडी पिंप आडवं बांधलेलं. माणसं फुटपाथवर उभी होती. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, कुणालाच कळेना. गाडी जवळ आली तशा आयांनी पोरांना मागे ओढलं. कुणी ओरडलं नाही, धावलं नाही, फक्त सगळी रांग एक पाऊल मागे सरली. बाई अधिकाऱ्याशेजारी होत्या. खाली बघितलं तर त्यांचेही पाय मागे आलेले.

दोन महिन्यांनी शाळेत सभा झाली. हरित शिक्क्यामुळे पैसा धो धो वाहू लागला होता आणि जागोजागी नवी वीजकेंद्रं उभी राहत होती. त्या सगळ्यांचं इंधन इथेच आणायचं ठरलं होतं. नवा होकार लागणार नव्हता, कारण कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे जुना होकार जागेसाठी होता, किती इंधन यायचं यासाठी नव्हता.

बाई उभ्या राहिल्या. "आपलं बोलणं जुन्या दोन केंद्रांपुरतं झालं होतं."

"बाई, हे तर तुम्हीच घरोघर समजावलंत," अधिकारी अगदी आदराने म्हणाला. "खडक भक्कम आहे. दोन केंद्रांना जो पुरतो, तो बाकीच्यांना का नाही पुरणार?"

खडक भक्कमच होता. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी सलूनवाल्याकडे पाहिलं. त्याने एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तो मान खाली घालून टोपीचा काठ चोळत बसला होता.

मुलीच्या बाळंतपणाला त्या शहरात गेल्या. दवाखान्यातल्या पोरसवदा नर्सने सहज विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?" बाईंनी आपलं सोडून नदीपलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. मुलीने ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. नात झाली, छान ठणठणीत. बाईंनी सवयीने हातापायांची बोटं तपासली, टाळू चाचपली, डोळे पाहिले. सगळं जिथल्या तिथे होतं. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासलं. आजवर कुठल्याच बाळाला त्यांनी असं दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. मान वर केली तर मुलगी त्यांच्याकडेच बघत होती.

परत आल्या तेव्हा मागच्या खोलीतली खाट हलवली होती. तिथे आता बोगद्यातल्या कामगारांचं रक्त तपासत.

बाईंनी पुन्हा फिरावं म्हणून कंपनीने निरोप धाडला. त्यांनी नकार दिला. पंधरवड्याने दारावर थाप पडली. बाहेर शाळेतली नवी मास्तरीण उभी होती, बाईंच्याच हातावर जन्मलेली, खांद्याला निळी पिशवी.

"लोकांचं मन शांत राहावं म्हणून भेटतेय नुसती," ती म्हणाली. "नव्या बोगद्यांबद्दल."

बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पोरगी छान बोलली. तापलेल्या उन्हाळ्यांबद्दल बोलली, धुराबद्दल बोलली, खाणीत गेलेल्या आपल्या आजोबांबद्दल बोलली.

"माझा विरोध लिहून घे," त्या म्हणाल्या.

"का, बाई?"

"ते मला नीट सांगता येत नाही गं. पण लिही."

मास्तरणीने मान हलवली, पण पेन काढलं नाही. "विरोध लिहायचा रकानाच नाहीये यात," ती ओशाळून म्हणाली. "भेट झाली, एवढंच टाकायचंय." पाण्याचा पेला तिने टेबलावर ठेवला. तेवढ्यात टेकडीत सुरुंग उडाला आणि पेल्यातलं पाणी थरथरलं. मास्तरणीने ते पाहिलं, बाईंनीही पाहिलं. मग ती उठून शेजारच्या घराकडे गेली.