हातांनी सांगितलेली सिरीयल

दोन्ही हातांच्या बोटांचा हवेत चौकोन करायचा, एक डोळा मिटून त्यातून तुमच्याकडे बघायचं, मग तुमच्याकडे बोट दाखवायचं आणि शेवटी तळहात स्वतःच्या छातीवर ठेवायचा. याचा अर्थ, ‘तुझ्यासाठी एक सिरीयल आहे, माझ्या भरवशावर बघ.’ आमच्या ओळीतली ताई हे तोंडाने सांगत नसे, कारण सांगून उपयोग नव्हता. सिल्वासाजवळच्या नरोलीच्या आमच्या कारखान्यात धाग्याला पीळ देणारी यंत्रं दिवसभर अशी गरजतात की शेजारची बाई कानाशी ओरडली तरी नुसते तिचे दात दिसतात.

म्हणून आम्ही बायका हातांनी बोलतो. चहा, पाणी, पोटात दुखतंय, साहेब आला, सगळ्याला खूण आहे. प्रत्येकीच्या नावालाही खूण आहे. माझी खूण म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट. राग तिथेच असतो म्हणे माझा. असेल. ज्या गोष्टीची चीड यायला पाहिजे तिची येते, त्यात माझं काय चुकलं?

सिरीयली सांगणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. “अजून बघितली नाहीस?” असं विचारतात, जणू तुम्ही आठवडाभर आंघोळ केली नाही. त्यांना आवडली म्हणून सगळ्या जगाला आवडली पाहिजे. शिवाय शेवट सांगून मोकळे होतात. मला असल्यांचा मनस्वी तिटकारा आहे.

ताई तशी नव्हती. ती नंदुरबारकडची, मी डहाणूकडची. धागा गुंडाळलेल्या बोबिनांवर डाग आहे का ते बघायचं आणि पेटीत भरायचं, या कामाला आम्ही समोरासमोर उभ्या राहायचो. कोणाला काय सांगायचं याचा ती आधी विचार करायची. लग्न होऊन नवीनच सिल्वासाला आलेली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसती रडायची. तिला ताईने एका घाबरट पोलिसाची सिरीयल सांगितली. तो चोरापेक्षा कुत्र्यालाच जास्त घाबरतो. पोरगी दुसऱ्या दिवशी बोबिन हातात धरून एकटीच हसत होती. “घरातल्या कारस्थानाची नको सांगू व माय कोणाला,” ताई म्हणायची, “ती फुकटात चालूच राहते घरोघरी.”

मला तिने काय सांगावं? दोन म्हाताऱ्या बहिणी लोणची घालतात, त्याची सिरीयल. पहिल्या भागात एक म्हातारी पायरीवर बसून लसूण सोलते. सोलतेच. मी दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिच्यावर उखडले. म्हटलं, “ताई, यात काही घडतच नाही.”

“हाव, नाही घडत,” ती म्हणाली. “पण तू बसली का नाही शेवटपर्यंत?”

बसले होते. नवऱ्याने दोनदा विचारलं होतं, बरं वाटत नाही का, एवढी गप्प का?

सगळ्यांना एवढं बघायला लावायची तिला हौस का, ते एकदा तिनेच सांगितलं. “एकटीने बघितलं ना बाई, की ते पोटातच राहतं. कोणाशी बोललं म्हणजे पचतं.” ती भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलं, तर माहेरी भावाने घरातच बसवून ठेवली. बाहेर जायचं नाही, फोन वापरायचा नाही, नवरा न्यायला येईल तेव्हा मुकाट्याने जायचं. तिथून ती मावसबहिणीच्या ओळखीने इथे आली. हातात काम होतं, खोलीचं भाडं स्वतः भरत होती, म्हणून भाऊ काही करू शकत नव्हता. “काम सुटलं की तो आलाच समज,” ती म्हणायची. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

एका सुट्टीला आम्ही चारचौघी दुधनीच्या जलाशयावर फिरायला गेलो. पाण्यावरच्या होड्या बघून ती एकदम उभी राहिली. तेव्हा ती एक नवीन सिरीयल बघत होती, अशाच एका मोठ्या तळ्यावरच्या गावाची. त्यात होडी चालवणारी एक विधवा आहे. “सोमवारपासून हीच सांगते तुम्हाला,” ती म्हणाली, “ही तोंडाने सांगायची नाहीच.” आणि खरंच, सोमवारपासून आमच्या ओळीत ती होडी सुरू झाली. एका हाताने बोबिन फिरवायची, दुसऱ्या हाताने वल्हं मारायची. काम तिचं कधी मागे पडलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

त्या दिवसांत रविवारीही कामाला यायला सांगत होते आणि बायका कुरकुरत होत्या. साहेब लोकांचे कान टवकारलेले होते. आणि नेमकं तेव्हाच ताई गोष्टीत त्या ठिकाणी आली, जिथे धुक्यात एक मूल पाण्यात पडतं. पन्नास होड्या शोधताहेत, पण त्यांच्याच इंजिनांच्या आवाजात मुलाची हाक ऐकू येत नाही. तेव्हा ती विधवा होडीत उभी राहते, हात वर करते आणि एकदम खाली आणते. सगळी इंजिनं बंद.

ताईने हात वर केला आणि खाली आणला. आणि आमच्या सगळ्या ओळीचे हात थांबले. त्या गरजणाऱ्या शेडमध्ये आम्ही इतक्या बायका मान वाकडी करून एका मुलाची हाक ऐकत होतो. एखादा श्वासभर थांबलो असू. मग पुन्हा कामाला लागलो. पण वर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्याला एवढंच दिसलं की एका बाईने हात खाली आणला आणि काम बंद पडलं.

साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. तिच्यासमोर काम करते म्हणून मलाही. आम्हाला कामावर लावणारा ठेकेदार तिथे आधीच बसला होता.

“क्या इशारा था? हडताल करनी है?” साहेबाने विचारलं.

मी म्हटलं, “साहेब, ती सिरीयल सांगत होती.”

“सिरीयल? हाथ से?” दोघे हसले. “तो दिखाओ. अभी, इधर.”

आणि ताईने दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल. ती त्या थंडगार खोलीत मधोमध उभी राहिली आणि तिने धुकं आणलं. मूल पडलं. होड्या धावल्या. ठेकेदाराचा चहा हातातच राहिला. तिने हात वर केला, खाली आणला, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, साहेबाने मान वाकडी केली होती. आमच्यासारखीच. तो ऐकत होता.

“फिर? बच्चा मिला?” तो म्हणाला.

“ते आता उद्या सांगायचं होतं साहेब,” ताई म्हणाली.

तो हसला. “चालो, जाओ बेन. काम करो.” आम्ही परत आलो. ताईने पोरींना खूण केली, काही नाही, सगळं ठीक. मलाही वाटलं, सुटलो. माणूस आहे शेवटी, त्याने बघितलं, त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर ठेकेदाराने तिला बाजूला घेतलं. उद्यापासून नाही, आजपासूनच येऊ नको. का, तर वरून सांगितलंय. मी तिथेच भांडले. म्हटलं, काल सगळं बघितलं ना तुम्ही, मग आज हे काय? ठेकेदार म्हणाला, “बेन, खोटी नाही ती, मला माहीत आहे. पण जिच्या हाताने ओळ थांबते ती बाई नको असते.” बघा, म्हणजे गैरसमज झाला असंही म्हणायची सोय नाही. त्यांना सगळं समजलं होतं. समजून काढलं. याचाच माझा संताप होतो, आणि अजून उतरलेला नाही, उतरू नये.

आम्ही तिच्यासाठी दुसरीकडे विचारलं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत जागा निघेल असं वाटत होतं. “थोडं थांब,” मी तिला खोलीवर जाऊन सांगून आले. तिने मला चहा दिला आणि म्हणाली, “मी थांबते ग. भाऊ थांबेल का?”

तो थांबला नाही. कोणीतरी गावाकडच्याने त्याला कळवलं असणार. मी पुढच्या सुट्टीला गेले तर खोलीला मालकाचं कुलूप. भाऊ गाडी घेऊन आला होता, मालकीण म्हणाली, आणि ताई त्यात पुढच्या सीटवर बसली. फोन तिच्या हातातून त्याने मालकिणीसमोरच काढून घेतला. तेव्हापासून मी लावते, लागत नाही. तिच्या गावाचं नाव माहीत असलेली मावसबहीणही आता सुरतेला गेली आहे, तिचा नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

ती होडीवाली सिरीयल मी घरी शेवटपर्यंत बघितली. आमच्यातल्या बहुतेकींनी बघितली. पण बघून झाल्यावर कोणीच कोणाला काही बोललं नाही.

परवा चहाच्या सुट्टीत साहेब स्वतः आमच्याकडे आला. बायकोला बघायला काहीतरी चांगलं पाहिजे होतं. मग जरा हसून, घुटमळून म्हणाला, “वो नाववाली सिरीयल... आखिर बच्चा मिला क्या?”

मी म्हटलं, “जिने सांगितली तिला काढलंत ना साहेब? तिलाच विचारा.”

“गुस्सा मत करो बेन,” तो म्हणाला आणि शेजारणीला विचारलं. तिने पदराने कप पुसला. त्याने तिच्या पलीकडच्या पोरीला विचारलं. तिने मान हलवली, माहीत नाही. तो पार ओळीच्या टोकापर्यंत विचारत गेला, मूल सापडलं का, मूल सापडलं का. ताई कुठे आहे, हे त्याने एकीलाही विचारलं नाही.