अध्यक्षीय समारोप

आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात एक रीत होती. अध्यक्षांचा समारोप झाला की कोणी उलट बोलायचं नाही, थेट आरती. ही रीत मी एकदा एका पोरीवर चालवली. घरीसुद्धा हे आजवर सांगितलेलं नाही.

छत्तीसगडची राजधानी नवीन होती. अमरावतीकडची एक तरुणी नव्या रायपूरच्या एका संस्थेत जर्मन शिकवायला आली होती. मंडळाच्या हॉलमध्ये मुलांसाठी रविवारचा जर्मन वर्ग तिला काढायचा होता, आणि गणपतीतलं तिचं व्याख्यान म्हणजे त्याचीच परीक्षा. अध्यक्ष मी. तरुणपणी नागपूरला दोन वर्षं फ्रेंच शिकलो होतो, तेवढ्यावर मंडळात विद्वान म्हणून मिरवत होतो. ती मला पहिल्या दिवसापासून खुपत होती.

तिनं एकच शब्द घेतला, जिम्नेशियम. मूळ ग्रीक, उघड्या अंगावरून आलेला. तिथले तरुण अंगावर कपडा न ठेवता कसरत करत. त्याच आखाड्यात गुरू येऊन बसत, वाद रंगत. इंग्रज-फ्रेंचांनी पुढे त्यातली कसरत उचलली, जर्मनांनी विद्या. म्हणून जर्मनीत जिम्नेशियम म्हणजे हुशार मुलांची शाळा. इटलीतही शाळाच.

"तेलीबांध्याला जिमचा बोर्ड दिसतो ना, तो अर्धाच शब्द आहे," ती म्हणाली. लोक खुलले होते.

सगळं खरं होतं. माझ्या कपाटातल्या कोशात हेच आहे. मी समारोपाला उठलो.

"बाप्पापुढे नागड्या पोट्ट्यांच्या गोष्टी! आणि शाळा म्हणे! काहो बाई, जर्मनीत काय दंडबैठका काढून पास होतात?"

हशा पिकला. "अर्धवट ज्ञानापासून मुलांना जपलं पाहिजे," म्हणत मी आरतीची खूण केली. तिनं हात वर केलेला मला दिसत होता. झांजा सुरू झाल्या.

चपला घालताना तिनं मला गाठलं.

"काका, तुम्हाले माहीत होतं नं?"

"हव."

"मंग काहून असं केलं?"

"समारोप झाला आता," मी म्हणालो.

रविवारचा वर्ग कार्यकारिणीनं मला दिला, फ्रेंचचा. मी नको म्हणालो नाही. पहिल्या दिवशी जी मुलं आली, ती तिनं समता कॉलनीत दारोदार फिरून जमवलेली. यादीही तिच्याच अक्षरातली. तीच समोर धरून मी हजेरी घेऊ लागलो.

"दीदी कब आएँगी?" एका मुलीनं विचारलं.

मी पुढचं नाव वाचलं.