मध्यंतराची चिठ्ठी

ज्या सिनेमातला खुनी ओळखायला सासरे माझ्या शेजारी बसले होते, त्या सिनेमातला खुनी मी त्यांना पहिल्या अर्ध्या तासातच सांगून टाकला. अंधारात, तोंडात पॉपकॉर्न असताना, पण शब्द स्वच्छ.

हा मूर्खपणा केवढा होता हे समजायला आमचा शनिवार समजायला हवा.

सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर सासरे दिल्लीत मुनिरकातल्या आपल्या फ्लॅटमधून बाहेर पडेनासे झाले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं फायली पुढे सरकवलेला माणूस, आता दूधवाला, वॉचमन आणि टीव्हीवर भांडणारी माणसं एवढ्यांच्याच सहवासात. आम्ही फरीदाबादला राहतो. आमच्याकडे या म्हटलं की ते "बघू" म्हणायचे, आणि मंत्रालयात आयुष्य काढलेल्या माणसाचं "बघू" म्हणजे काय, हे दिल्लीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मग बायकोला आठवलं की त्यांना खुनाचे सिनेमे आवडतात. कामगिरी माझ्यावर आली. मी आठवड्याला दोन सिनेमे बघतो आणि मग चार दिवस घरात त्यांच्यावर बोलत राहतो. "बाबांना घेऊन जा," ती म्हणाली. "तुला नाहीतरी कोणीतरी ऐकणारं लागतंच."

तर शनिवारी सकाळचा पहिला शो. ते मुनिरकाहून मेट्रोने येणार, मी फरीदाबादहून. दोन्ही लाइनी जिथे मिळतात त्या कालकाजी मंदिर स्टेशनवर भेटायचं आणि नेहरू प्लेसजवळच्या मल्टिप्लेक्सला जायचं. ते माझ्याआधी पोचलेले असायचे. मे महिन्यातही खिशात माकडटोपी, कारण हॉलमधल्या एसीवर त्यांचा विश्वास नव्हता.

चिठ्ठीची कल्पना त्यांची. मध्यंतरात दिवे लागले की ते केमिस्टच्या बिलाची कोरी बाजू काढायचे आणि फायलीवर शेरा मारावा तसं लिहायचे: "संशयित: धाकटा दीर. कारण: मृत्युपत्र. शिफारस: तत्काळ अटक." घडी घालून माझ्याकडे द्यायचे. मीही माझी चिठ्ठी लिहून त्यांच्याकडे द्यायची. सिनेमा संपला की सरकत्या जिन्याशी उभं राहून दोन्ही उघडायच्या. दीड वर्षात त्यांचा अंदाज तीन-चारदा चुकला असेल. माझा एकदाही बरोबर आला नाही.

आता सिनेमाबद्दल माझी मतं काही कच्ची नाहीत. हिंदी सिनेमा मध्यंतरासाठी लिहिलेला असतो, हे माझं पहिलं मत. प्रेक्षक समोशाच्या रांगेत जाणार आणि त्याला परत आणायचंय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो जाता जाता कोणाला तरी कड्याला लटकवून ठेवतो. हॉलिवूडवाल्यांना मध्यंतर माहीतच नाही. तिथे आमचे थिएटरवाले हवं तिथे कात्री लावतात. एकदा नायकाने इमारतीवरून उडी मारली आणि दिवे लागले. मी रांगेत उभा राहून समोसा खाल्ला, हात धुतले, परत आलो, गडी अजून हवेतच. दुसरं मत, हल्लीच्या हिंदी सिनेमातला नायक फार चालतो. हळूहळू, मागे काहीतरी पेटलेलं, समोरून वारा. त्याला जरा झपझप चालायला लावलं तर तीन तासांचा सिनेमा दोन तासांत आटपेल. आणि ते अंगाला चिकटणारे पोशाख घातलेले हॉलिवूडचे वीर अर्धं शहर पाडतात, तेव्हा मला पहिला प्रश्न धुळीचा पडतो. एवढी धूळ आमच्याकडे उडाली असती तर शाळा बंद झाल्या असत्या आणि बांधकामांवर बंदी आली असती. तिथे कोणी साधा मास्क लावत नाही. तरी मी हे सगळं पहिल्या आठवड्यात बघतो आणि शिट्टी वाजवण्याजोग्या जागी वाजवतोही.

सासऱ्यांना यातलं काहीच नको, फक्त खून हवा. तोही नियमात बसणारा. लहानपणी बापाने बोटीवर नेलं नाही म्हणून सात माणसं मारणाऱ्या एका हॉलिवूडच्या खुन्यावर ते जिन्याखाली उभं राहून म्हणाले होते, "मोटिव्ह अपुरं आहे. फाइल परत." हिंदी खुन्यांची कारणं त्यांना पटायची. जमीन, हुंडा, सावत्र भाऊ. पण आपल्याकडचा पोलीस सगळ्यात शेवटी येतो आणि मग भाषण देतो, याचा त्यांना संताप होता.

हॉलमध्ये मला गप्प बसवत नाही. पहिल्या भागात मी त्यांच्या कानाशी लागलेला असायचो. बाबा, त्या ड्रायव्हरचे डोळे बघा. तो उगाच खोकला, लक्षात आलं का? ते "अच्छा" म्हणायचे आणि टोपी सारखी करायचे. मला वाटायचं, मी त्यांना मदत करतोय आणि जिंकतात मात्र ते.

दर आठवड्याला हरणं मनाला लागलं, म्हणून एका गुरुवारी मी ऑफिसातून परस्पर जाऊन नवा हिंदी सिनेमा एकटाच बघून आलो. बायकोला मीटिंग सांगितली. सिनेमात हिमाचलातला बंगला, आजारी मालक, चार नातेवाईक आणि एक प्रेमळ डॉक्टर. खुनी डॉक्टर, विष त्याच्या थर्मासमध्ये. शनिवारी मध्यंतरात शांतपणे "डॉक्टर" लिहायचं आणि जिन्याशी उभं राहून विनयाने मान खाली घालायची, असा बेत होता. पण डॉक्टर बॅग घेऊन दारातून आत आला आणि मला राहवलं नाही. "हाच," मी म्हणालो. "आता थर्मास उघडेल बघा."

त्याने थर्मास उघडला.

सासरे पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मध्यंतरात त्यांनी केमिस्टचं बिल काढलं, कोरंच घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं, पेनाचं टोपण लावलं आणि मला म्हणाले की गुडघा दुखतोय, मी निघतो. मी मागे गेलो. नको, म्हणाले, तुम्ही बघा, तुम्हाला दुसऱ्यांदाही आवडेल.

पुढच्या शनिवारी गुडघाच होता. त्याच्या पुढच्या शनिवारी दाताचा डॉक्टर. मग कारण द्यायचंही थांबलं. दोन शनिवारी तर त्यांनी सकाळचा फोनच उचलला नाही. बायको कासावीस झाली. दुपारी उचलला तेव्हा म्हणे झोप लागली होती, आणि हा माणूस आयुष्यात सकाळी झोपलेला कोणाला आठवत नाही. तिने मला समोर बसवलं. मीटिंगचं काय ते तिने एव्हाना काढून घेतलं होतं.

"तीन वर्षांत त्यांना घराबाहेर काढणारी एक गोष्ट सापडली होती," ती म्हणाली. "ती तू घालवलीस. आता तूच परत आण, यार. कशी ते मला सांगू नकोस."

मी आणायचं ठरवलं. फोन करून माफी मागितली. "नोंद घेतली," ते म्हणाले आणि आमच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. मग नानखटाई घेऊन मुनिरकाला गेलो. त्यांनी चहा केला, हवेच्या प्रदूषणाचा आकडा आज किती आहे ते सांगितलं, सिनेमाचं नाव काढलं नाही. मी चपला घालत असताना दारात उभे राहून बोलले, ते मात्र नेमकं होतं. "राग नाही हो. पण यापुढे तुम्ही आधी बघून आलेला नाहीत, हे मी कशावरून समजायचं?"

परतताना बदरपूर येईपर्यंत मेट्रोत उभा राहून मी विचार केला आणि उत्तर सापडलं. जो सिनेमा कोणीच बघितलेला नाही, तोच बघायचा. शुक्रवार, पहिला दिवस, पहिला शो. आणि ते फोनवर मांडून उपयोग नाही, त्या माणसाला कागद लागतो. घरी येऊन मी रीतसर अर्ज लिहिला. विषय: शनिवार पुन्हा सुरू करण्याबाबत. खाली कबुली, मग विनंती, मग तीन आठवड्यांनी येणाऱ्या एका हॉलिवूडच्या खुनाच्या सिनेमाचा प्रस्ताव. पाकिटात घालून बायकोच्या हाती पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला. समासात त्यांच्या वळणदार अक्षरात हिंदीत शेरा होता: "कृपया चर्चा करें."

चर्चा झाली. अटी त्यांच्या. तीन आठवडे मी ट्रेलर बघायचा नाही, काही वाचायचं नाही, कोणाकडून ऐकायचं नाही. आणि हॉलमध्ये तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

ट्रेलर न बघता तीन आठवडे काढणं म्हणजे काय, हे ज्याचा फोन त्याची आवड ओळखून बसलाय त्यालाच कळेल. मी सगळे ग्रुप सोडले. त्यात आमच्या मराठी मंडळाचाही ग्रुप गेला. दिवाळी पहाटेच्या चहाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे मी रुसलोय असं ठरलं आणि अध्यक्षीणबाईंचा समजूत काढणारा फोन आला. मी खरं कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चहा दुसऱ्याकडे दिला. ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाने "अरे, वो नई वाली" एवढं म्हणताच मी ताट उचलून जिन्यात जाऊन जेवलो. मेट्रोत दोन कॉलेजच्या मुली त्याच सिनेमातल्या नटीबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मी मधेच उतरलो, पुढची गाडी घेतली आणि ऑफिसला उशिरा पोचलो. कारण विचारलं तर सांगण्यासारखं नव्हतं. पण तीन आठवडे मी कोरा राहिलो. लग्नानंतर एवढ्या निश्चयाने मी दुसरं काही केलं नसेल, असं बायको म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं.

शुक्रवारी रजा टाकली. सासरे कालकाजीला नेहमीच्या खांबापाशी उभे. टोपी, पेन, केमिस्टचं बिल, सगळं वर काढून तयार. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं आणि चालायला लागले.

सिनेमात थंडगार बेटावरचं हॉटेल, वादळ, बंद पडलेले फोन आणि आठ माणसं. वीस मिनिटांत पहिला माणूस मेला. मी ओठ दाबून बसलो. हॉटेलचा माळी मला पहिल्यापासून बरोबर वाटेना. लंगडत चालायचा, कात्री घेऊन फिरायचा, सगळ्यांच्या बोलण्यात मधेच यायचा. शब्द अगदी घशापर्यंत आले. मी तोंडात पॉपकॉर्न भरून ते खाली ढकलले. शेजारी सासरे अस्वस्थ होते. सारखी बैठक बदलत होते, टोपी काढत होते, घालत होते. मला वाटलं, गुडघा खरंच दुखतोय.

मध्यंतर झालं. त्यांनी बिल मांडीवर ठेवलं, पेन उघडलं, आणि लिहिलं काहीच नाही. मी माझी चिठ्ठी लिहिली, घडी घातली, हातात धरून बसलो. दिवे मंद व्हायला लागले तरी त्यांचा कागद कोराच. मग ते माझ्या बाजूला झुकले.

"तुमचं काय मत?"

मी मान हलवली. अट म्हणजे अट.

"अहो, मी विचारतोय. सांगा लवकर. कोणावर संशय आहे तुमचा?"

"माळी," मी म्हणालो. "बिल्कुल माळी. त्याची कात्री बघितलीत ना?"

"अच्छा," ते म्हणाले. तो दोन महिन्यांत न ऐकलेला "अच्छा". त्यांनी अंधारातच भराभर चार ओळी लिहिल्या, चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि खुर्चीत निवांत मागे टेकून बसले.

मध्यंतरानंतर पाच मिनिटांत माळी काचेच्या खोलीत मेलेला सापडला. त्याच्याच कात्रीने.

सरकत्या जिन्याशी आम्ही चिठ्ठ्या उघडल्या. माझी त्यांनी उघडली आणि न हसता पुन्हा घडी घातली. त्यांच्या चिठ्ठीवर होतं: "संशयित: हॉटेलची मालकीण. कारण: विमा. शिफारस: प्रकरण निकाली." बरोबर होतं. तिच्या भूमिकेला नटीही मोठी घेतली होती आणि मध्यंतरापर्यंत काम काही दिलं नव्हतं. असल्या गोष्टी मला बाहेर आल्यावर दिसतात.

चलो, कॉफी घेऊ, म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी आपणहून म्हटलं. बसल्यावर मी विचारलं की गप्प बसायची अट तुमचीच, मग ती तुम्हीच का मोडलीत. त्यांनी सांगितलं. मधल्या दिवसांत दोन शनिवारी ते एकटेच इथे येऊन गेले होते. फोन उचलला नव्हता तेच ते शनिवार. दोन्ही वेळा चिठ्ठी लिहिली, स्वतःच्याच खिशात ठेवली, आणि दोन्ही वेळा चुकली. एकदा तर ज्याच्या अटकेची शिफारस केली, तो पोलीस निघाला.

"माझ्याशिवाय करमलं नाही, असं म्हणा की," मी म्हणालो. थोडा फुललोच होतो.

"करमण्याचं काय त्यात," ते म्हणाले. "तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवता तो कधीच नसतो. दीड वर्षं मी ते नाव आधी खोडत आलो, तेवढीच फाइल हलकी होते. त्या दिवशी तुम्ही म्हणालात तसा थर्मास उघडला, तिथेच मला कळलं, हे आधी बघून आलेत." त्यांनी कॉफी संपवली, टोपी खिशात कोंबली आणि उठले. "उद्या दहाला कालकाजी. वेळेवर या, जावईबापू, आणि डोकं आहे तसंच आणा. सुधारायला जाऊ नका."