सत्त्याण्णव टक्के जुळणी

बांग मालसूनला दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात, आमच्या गल्लीत, कुणी नावाने हाक मारत नाही. ती सगळ्यांची सूपवाली ताई. पलीकडच्या कारखान्याच्या भोजनगृहात तिने एकोणीस वर्षं सोयाबीनच्या पेस्टचं सूप रांधलं. माझं किमचीचं, म्हणजे मुरवलेल्या कोबीच्या तिखट लोणच्याचं, दुकान तिच्या घराखालीच. माझ्या किमचीला नावं ठेवायचा हक्क मी फक्त तिला दिला होता, आणि तो ती मनापासून बजावायची.

गेल्या वसंतात कारखान्याने भोजनगृह ठेकेदाराच्या हवाली केलं आणि तिथल्या बायकांना एका दुपारी घरी पाठवलं. मालसून तेव्हा साठीला टेकलेली. संध्याकाळी दुकानात येऊन बसली. रडली वगैरे नाही.

"झाडू-पोछा करणार नाही," म्हणाली. "मी स्वयंपाकीण आहे. चुलीपाशी मिळाली तर नोकरी, नाहीतर नको."

"नको म्हणायला तुझा नवरा मागे ठेवून काय गेलाय?"

"न घासलेली भांडी."

बेकारभत्ता सुरू झाला आणि ती रोजगार केंद्राच्या तावडीत सापडली. सरकारला त्या वर्षी वेड लागलं होतं, नोकरी शोधून देणारं सगळ्यात उत्तम ॲप कुठलं ते ठरवायचं. आमच्या केंद्रात तीन कंपन्यांची ॲप चाचणीला आली होती. ज्याच्यातून जास्तीत जास्त लोक कामाला लागतील ते देशभर चालवायचं. तपासायला माणसं आयतीच होती, भत्त्याच्या रांगेतली. मालसूनच्या वाट्याला हिरवं ॲप आलं.

ॲपने खोदून खोदून विचारलं आणि या बाईने सगळं खरं लिहिलं. चारशे माणसांचं जेवण, पहाटे उठायची सवय, मोठी पातेली, जिना चढताना दुखणारा गुडघासुद्धा.

"अगं, गुडघा कशाला लिहितेस?" मी म्हटलं. "जावई शोधताना कुणी घरातलं भांडण सांगतं का?"

"सरकारशी खोटं बोलू?"

सरकार हिच्याशी काय बोलतंय ते मी पाहतच होते. ॲप सुचवायचं, म्हाताऱ्यांना अंघोळ घाला, पार्सलं उचला, दवाखान्याचे संडास धुवा. जुळणी कधी चाळीस टक्के, कधी पंचेचाळीस. ती स्वतः चार खानावळींत जाऊन आली. एका मालकाने तर तोंडावर सांगितलं, "काकू, आमचा आचारी तिशीचा आहे. तुम्हाला हुकूम सोडायला त्याला लाज वाटेल." त्याची लाज राखायला ही उपाशी राहणार.

पानगळीत एका सकाळी ती ओल्या हातांनीच खाली आली आणि फोन माझ्या गल्ल्यावर ठेवला. सत्त्याण्णव टक्के. भोजनगृहात स्वयंपाकीण, चारशे माणसं, घरापासून पायी जाण्याजोगं. खाली पत्ता होता. तिचाच कारखाना, तिचीच चूल. फक्त नेमणूक ठेकेदाराची, पगार कमी, आणि नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून.

आपण म्हणतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे कळसा आधी काखेतून हिसकावला होता आणि आता तोच हिला सापडल्याबद्दल सरकार हिचं अभिनंदन करत होतं.

मी दुकान बंद करून तिच्यासोबत केंद्रात गेले. हाम नावाचे साहेब होते, चांगला माणूस, तेच तर वाईट. चांगल्या माणसावर धड ओरडताही येत नाही.

"नाकारता येतं, काकू," ते म्हणाले. "पण जुळणी एवढी असताना कारण द्यावं लागतं. नाहीतर भत्ता थांबतो. यातलं निवडा."

पडद्यावर कारणं होती. अंतर, आजारपण, घरची अडचण, किमान वेतनापेक्षा कमी पगार.

"मला काढलं आणि माझ्याच जागी मलाच स्वस्तात घेतायत," मालसून म्हणाली. "हे कुठे दाबू?"

हाम साहेबांनी यादी वर-खाली केली. खरंच शोधलं त्यांनी. मग चष्मा पुसत बसले.

मालसूनने दुसरंच बटण दाबलं. स्वीकार.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. "गुडघा लिहिला होतास ना, आजारपण दाबायचं."

"गुडघ्याने मी नोकरी सोडली नव्हती," ती म्हणाली.

हिरवं ॲप जिंकलं. केंद्राच्या भिंतीवर मालसूनचा फोटो लागला, हातात फुलांचा गुच्छ, खाली 'यशस्वी पुनर्नियुक्ती'. लोक म्हणतात मी हल्ली फार कडू बोलते. बोलते. तो फोटो पाहून या, मग गोड बोलून दाखवा.

पहिल्या दिवसाची गोष्ट मालसूननेच सांगितली, माझ्याकडची किमची चिमटीने उचलत, नावं न ठेवता. पळी जुन्या खिळ्यालाच होती, मुठीला तिनेच गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच. ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाने तिला सूप कसं करायचं ते शिकवलं, पाकिटातली पूड किती घालायची ते. छातीवर बिल्ला लावला, 'प्रशिक्षणार्थी'. जेवणाच्या सुट्टीत कामगारांची रांग आली. पेंटिंग विभागातला एक जुना गडी थाळी पुढे करून थबकला.

"ताई! किती दिवसांनी. आजारी होतात का? सुपाची चवच गेली होती."

बिल्ला त्याने वाचला नव्हता. तिने हात आडवा धरून तो झाकला आणि दुसऱ्या हाताने सूप वाढलं.

"हो," ती म्हणाली. "आजारी होते."