टाकीचा ढेकर

लवू घाडी ट्रकवर ड्रायव्हर लागला आणि लोकांनी त्याच्या आडनावातल्या 'घ'चा 'ग' करून टाकला. तेव्हापासून तो लवू गाडी. मुंबईत गिरणीत असलेला त्याचा मेव्हणासुद्धा पाकिटावर 'लवू गाडी, मुक्काम कसाल' असंच लिहायचा आणि पत्र बिनचूक पोचायचं.

माझं चहाचं दुकान डिझेलच्या पंपासमोर होतं. खरं म्हणजे पंप माझ्या दुकानासमोर आला, मी आधीचा. पण लोक 'पंपासमोरचं हॉटेल' म्हणायचे. मी पुष्कळ वर्षं हे सुधारत बसलो, मग सोडून दिलं.

लवू माणूस सरळ. इतका सरळ, की याला ट्रक वळवता कसा येतो याचं मला नवल वाटायचं. आधी तो बैलगाडी हाकायचा आणि बैलांपुढे वैरण पडल्याशिवाय स्वतः जेवायचा नाही. ट्रक आला तरी ती सवय गेली नाही. टाकीत पंपाची नळी लागली की हा हात धुवायचा. शिवाय गाडीशी बोलायचा. गाडी उत्तर देत नसे म्हणून त्यांचं चांगलं जमायचं.

ट्रक मिठबावच्या हरिश्चंद्रशेटचा. डिझेलवर चालणारा, नवा कोरा. शेट तिकडच्या बागांतले आंबे बेळगावला पाठवायचा. चैत्र-वैशाखात लवूला घरी झोपायला मिळायचं नाही. पेट्या भरल्या की निघ, उतरल्या की परत ये, परत आला की पुन्हा पेट्या तयार. वाटेत कसालला टाकी भरायची, तेवढाच काय तो विसावा.

टाकी भरणं ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. पंपावर काचेची दोन मोठी भांडी होती, पाच पाच लिटरची. महादू पंपवाला दांडा पुढे-मागे मारायचा, एक भांडं भरायचं, दुसरं नळीतून टाकीत उतरायचं. टाकीचं तोंड अरुंद. डिझेल आत जाणार त्याच वाटेनं आतली हवा बाहेर येणार, मग दोघांची दारातच मारामारी. फेस उसळून महादूच्या अंगावर यायचा. महादूकडे शर्ट दोन होते आणि दोघांनाही डिझेलचा वास यायचा. मग थांबायचं, फेस बसू द्यायचा, पुन्हा नळी उघडायची. असं करत करत शेवटी टाकीच्या पोटातून 'घळ्ळ' असा मोठा आवाज यायचा आणि लवू लांबूनच हात वर करायचा.

"पुरे रे महादू. ढेकर दिल्यान. पोट भरला."

ढेकर दिलेल्या पाहुण्याला आग्रह करणं लवूला पाप वाटायचं. महादूला तर आग्रह करण्यात काही रसच नव्हता.

या सगळ्याला पाऊण तास लागायचा. वळणावर ट्रकचा भोंगा दोनदा वाजला की लवूची बायको सुभद्रा मळ्याच्या पलीकडून डबा घेऊन निघायची. माझ्या दुकानाच्या मागच्या बाकावर दोघं बसायची. भात, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, एखादा भाजलेला पापड. तो जेवायचा, ती घरचं सांगायची. आठवड्यातून दोनदा, टाकी भरेपर्यंत. मी तिकडे बघत नसे, पण दुकान एवढंसं, बघावं लागायचं.

त्रेसष्ट सालच्या आंब्याला शेटनं हुबळीचा व्यापारी धरला. आंबे तिकडे द्यायचे, येताना मिरचीची पोती आणायची. परगावी ड्रायव्हरच्या हाती डिझेलसाठी रोख द्यायची म्हणजे शेटच्या जिवावर यायचं. कसालला टाकी भरा आणि परत कसालला या, असा हुकूम. टाकी एकशे दहा लिटरची, ती पुरायला हवी होती. शेटनं कागदावर मांडून दाखवलं होतं. शेटचं गणित बरोबर होतं.

पहिल्याच खेपेला येताना गाडी आंबोलीत बंद पडली. डिझेल संपलेलं. डिझेलच्या गाडीत नुसतं नवं डिझेल ओतून भागत नाही. नळ्यांत हवा धरते, ती स्क्रू ढिले करून, हातपंप मारून, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत काढावी लागते. सावंतवाडीहून कुणाच्या तरी जीपमधून दोन डबे आले, लवूनं हवा काढली आणि एक दिवस उशिरा कसालला पोचला. शेट म्हणाला, असेल, एकदा होतं.

दुसऱ्या खेपेलाही गाडी बंद पडली. आंबोलीतच, पहिल्यापासून शंभर पावलांवर. त्या दिवशी वळीव आला. आंबोलीला पाऊस पडतो म्हणजे काय, ते मी सांगायला नको. ताडपत्री फाटकी. वीस पोती मिरची भिजली आणि ट्रकमधून लाल पाणी रस्त्यावर वाहत गेलं. एसटीतल्या बायका अपघात झाला समजून रडायला लागल्या.

शेट स्वतः कसालला आला. माझ्याच दुकानात बसला, माझाच चहा प्याला आणि लवूला उभा ठेवून म्हणाला, "लवू, तिसऱ्यांदा गाडी आंबोलीत उभी रवली, तर चावी माझ्या हातात दी आणि मुंबई गाठ. मेवणो तुझो गिरणीत आसा, तो लावीत तुका."

लवू 'होय' म्हणाला.

सुभद्रा तेव्हा मागच्या बाकावर बसून होती. तिनं सगळं ऐकलं. तिचा भाऊ मुंबईला गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. गणपतीला पाच दिवस यायचा, त्यातले दोन झोपण्यात घालवायचा. भावजय इकडे सासूजवळ. मोठ्या मुलानं बापाला ओळखलं नाही, धाकट्यानं 'काका' म्हटलं, हे सुभद्राच मला हसत हसत सांगायची. त्या दिवशी ती हसली नाही. डबा न आवरताच बसून राहिली.

पुढच्या खेपेला ट्रक आला, नळी लागली, फेस उडाला, महादूनं शिव्या घातल्या, टाकीनं ढेकर दिला. लवूनं हात वर केला. सुभद्रा उठली आणि सरळ टाकीपाशी गेली. बाजारात फणस बघावा तशी टाकीवर बोटांनी टकटक करायला लागली. खाली 'थप्प' वाजलं. वर सरकली, 'थप्प'. आणखी वर, 'ठण्ण'.

"ही भरलली नाय," ती म्हणाली.

"ढेकर दिल्यान मां!" लवू म्हणाला.

"रिकाम्या पोटाकपण ढेकर येता. तुमकाच येता, उपासाक."

लवूच्या बाबतीत हे खरं होतं. तो उपास कडक करायचा.

सुभद्रा दर मे महिन्यात कोकमाचं आगळ बाटल्यांत भरायची. बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसलं की आगळ आत उतरत नाही, नुसतं गुळगुळतं. म्हणून आपल्या बायका नरसाळ्याच्या कडेला माडाच्या पातीचा हीर, म्हणजे खराट्याची काडी, खोचतात. तेवढ्या फटीतून बाटलीतली हवा निघून जाते. सुभद्रा म्हणाली, टाकीला हीर घाला. लवू धावत जाऊन माझ्या खराट्यातलाच एक हीर उपसून घेऊन आला. तो घालून महादूनं नळी उघडली आणि दुसऱ्या क्षणाला त्याचा दुसरा शर्टही गेला.

"तो हीर लहान झालो," सुभद्रा शांतपणे म्हणाली. "हवा त्या कोपऱ्यात बसली आसा. थंयसून वाट काढूक होयी."

तिचं बरोबर होतं. टाकीचं तोंड नळकांड्यासारखं आत उतरलेलं होतं. डिझेल त्याच्या खालच्या कडेपर्यंत चढलं की वरच्या हवेला कोंडून ठेवायचं आणि ती मधूनच उसळी मारून ढेकर द्यायची. पंचवीस-एक लिटरची जागा दर खेपेला रिकामी राहायची आणि ती बरोबर आंबोलीत आठवायची.

लवूनं त्या खेपेला दोन डबे डिझेल जादा घेऊन वेळ मारून नेली. डबे आंब्याच्या पेट्यांशेजारी ठेवले, म्हणून हुबळीच्या व्यापाऱ्यानं आंब्याला घासलेटाचा वास येतो अशी चिठ्ठी दिली. ती लवूनं शेटला देण्याऐवजी चुकून माझ्या चुलीत टाकली. परत आल्यावर शेटला 'स्प्रिंगचो पाटो दुरुस्तीक आसा' असं सांगून त्यानं टाकी उतरवली. शेटच्या नव्या ट्रकच्या टाकीला भोक पाडायचं होतं. जमलं नाही तर तिसऱ्या वेळेची वाट बघायची गरजच नव्हती.

कुडाळचा तांबट टाकी बघून आधी दहा पावलं मागे गेला. डिझेलच्या टाकीला विस्तव दाखवायला तो तयार होईना. मग माझ्या अंगणात मोठ्या हंड्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळायला ठेवलं. सुभद्रानं ती टाकी तीन वेळा आतून धुतली, लग्नाची भांडी धुवावीत तशी. नंतर वास घेऊन पाहिला, चौथ्यांदा धुतली. लवूनं हाताच्या गिरमिटानं दूरच्या कोपऱ्यात, अगदी वरच्या अंगाला भोक पाडलं. आत पाणी भरून ठेवलं आणि तांबटानं बोटाएवढी तांब्याची नळी तिथून थेट टाकीच्या तोंडाशी आणून दोन्हीकडे डाख दिला. मंदिराची समई जोडतो तितक्या निगुतीनं. वर हळदकुंकू लावायला सांगितलं, ते लवूनं लावलं.

टाकी चढली, नळी लागली. डिझेल सरळ आत जायला लागलं. तांब्याच्या नळीतून हवा फुसफुसत बाहेर येत होती, फेस नाही, उसळी नाही. महादू दांडा मारतच राहिला. ऐंशी झाले, नव्वद झाले, शंभर झाले. एकशे आठला डिझेल तोंडाशी दिसलं. दहा मिनिटं लागली. आवाज म्हणून काही आला नाही.

लवू घाबरा झाला. "ढेकर नाय देवक," म्हणाला. टाकीला कान लावून बसला. सुभद्रानं टकटक करून दाखवलं, वरपर्यंत 'थप्प'. तेव्हा त्याला पटलं, पण पुरतं नाही.

मग गाडी माझ्या अंगणात उभी केली, तर दुपारच्या उन्हात काठोकाठ भरलेलं डिझेल फुगलं आणि तांब्याच्या नळीतून तिथं ठिबकायला लागलं. तो डाग तीन वर्षं गेला नाही. तेव्हापासून वर चार बोटं जागा ठेवायची असं ठरलं.

आंबोली आली, आंबोली गेली, गाडी थांबली नाही. कसालला पोचून लवूनं टाकीत काठी घातली तर टोक ओलं. काठी हातात धरून तो माझ्याकडे आला आणि दुकानात सगळ्यांना दाखवत सुटला. सुभद्रा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. रडली ती, मी साफ सांगतो. मलाही बरं वाटलं. पुढे मात्र येईल तो ड्रायव्हर तांबटाकडे जाऊन नळी बसवून घ्यायला लागला, दहा मिनिटांत टाकी भरून जायला लागला आणि माझा चहा निम्म्यावर आला.

शेट खूश झाला. इतका खूश, की आठवड्याच्या दोनाच्या तीन खेपा केल्या. "आता गाडी खंय थांबणा नाय मां? मगे तू कित्या थांबतंस?" म्हणाला. हुबळीला आंबा पोचायची वेळ बांधून दिली. टाकी भरली की निघायचं.

पहिल्या खेपेला भोंगा वाजला, सुभद्रा डबा घेऊन निघाली आणि मळ्याचा बांध उतरेपर्यंत ट्रक सुरू झाला होता. डबा तिनं खिडकीतून वर दिला. दुसऱ्या खेपेला ती धावत आली, तेव्हा दोन वाक्यं झाली. तिसऱ्या खेपेला ती आधीच येऊन बाकावर बसली, त्यानं चार घास उभ्यानं खाल्ले. महिनाभर असंच चाललं. मुंबईला न गेलेला नवरा तिला खिडकीएवढा दिसायचा. मला त्या तांब्याच्या नळीचा राग यायला लागला आणि तो चहासाठी नव्हता.

मे संपत आला होता. त्या दिवशी भोंगा वाजायच्या कितीतरी आधी सुभद्रा आली. पण बाकावर बसली नाही, पंपापाशी गेली. महादू दांड्याला फडकं मारत होता.

"महादूभावजी, तुमचो हात दुखता मां?"

"नाय वैनी. हात बरो आसा माझो."

"नाय. दुखता."

महादूनं तिच्याकडे बघितलं, मग मळ्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे. एरवी त्याला गोष्ट चारदा सांगावी लागायची.

"होय तर," तो म्हणाला. "कालपासून दुखता. खांद्यातसून."

ट्रक आला. महादूनं नळी लावली आणि एक दांडा मारून खांदा चोळत उभा राहिला. मग दुसरा मारला. काचेच्या भांड्यात डिझेल बोटबोटभर चढत होतं. लवू जेवायला उभा राहिला होता, तो दोनदा तिकडे बघून बाकावर टेकला. सुभद्रानं भात वाढला. भावाचं पत्र आलं होतं, ते सांगितलं. वासराचं सांगितलं. मी तिकडे बघितलं नाही.

अर्धा तास गेला. लवूनं मान वर करून पंपाकडे पाहिलं. महादू दांड्यावर हात ठेवून आभाळ बघत होता. मग लवूनं सुभद्राकडे पाहिलं. ती ताटात बघत होती.

"महादू," लवूनं बसल्या जागेवरून हाक मारली, "घाई करू नको रे. हाताक तेल लाव."

आणि त्यानं आणखी भात मागितला.