पंक्चरच्या दुकानामागचं तळं

चांगुणाबाईच्या डोक्यावरचं घमेलं हललं, तेव्हा आपल्यालाच चक्कर आली असं तिला वाटलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी खाऊन बायका आटलेल्या विहिरीतला गाळ वाहायच्या, आणि दुपारपर्यंत एखादीला भोवळ यायचीच. ती विहिरीच्या पायरीवर थांबली. घमेलं पुन्हा हललं. मग आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, अगदी टाळूच्या वर. तिनं दोनचार पायऱ्या भराभर चढून गाळासकट घमेलं काठावर टाकून दिलं.

"काय झालं गं बाई?" मुकादम रामकिसन ओरडला.

"दगड चालून राह्यलाय," चांगुणाबाई म्हणाली.

सगळे जमले. गाळातून एक कासव निघालं. भाकरीच्या ताटलीएवढं, पाठ हिरवट काळी, तिच्यावर पिवळे ठिपके. माणसं बघताच त्यानं मान आत घेतली, पाय आत घेतले, आणि पोटाखालच्या कातडीच्या पाळ्या दार लावून घ्यावं तशा मिटून घेतल्या. कोणी म्हणालं, शिजवून खाऊ. कोणी म्हणालं, देवाचं जनावर आहे, हात लावू नका. पाणी आटल्यावर हा जीव खाली चिखलात गप्प दम धरून बसला होता, आणि आपण त्याला उकरून उन्हात आणलं, एवढंच चांगुणाबाईच्या मनात आलं. तिनं लुगड्याचा पदर पुढे घेतला, त्यात कासव गुंडाळलं आणि पुढच्या खेपेला लागली.

ही विहीर तातेराव पाटलांची. वाटूरच्या शिवारातली सगळ्यात मोठी, दगडी पायऱ्यांची. एरवी निम्मा गाव तिच्यावर पाणी भरायचा, पण बौद्धवाड्याच्या बायका तिच्याकडे घागर घेऊन जात नसत. त्यांचा आड वेगळा होता, वाड्याच्या खालच्या अंगाला, आणि तो दिवाळीलाच आटला होता. गाळ उपसायची वेळ आली तेव्हा मात्र कामावर जास्त माणसं बौद्धवाड्याचीच होती. ज्या विहिरीच्या काठाला तिची घागर कधी टेकली नव्हती, तिच्या तळाशी चांगुणाबाई महिनाभर उभी राहिली होती.

काम सुटल्यावर ती घरी न जाता सरळ फाट्यावर गेली. तिथे तिच्या नवऱ्याचं, अप्पाराव खरातचं, पंक्चरचं दुकान होतं. चार मेढी, वर पत्रा, पुढे हवेचा पंप आणि पाण्यानं भरलेलं एक लोखंडी टोपलं. जालन्याहून मंठ्याकडे जाणारे ट्रक आणि परतूरकडे वळणाऱ्या एसट्या त्याच्यासमोरून जायच्या. मुलगी नंदाबाई लग्न होऊन कुंभार पिंपळगावला गेल्यापासून नवराबायको दोघंच उरले होते. अप्पाराव शांत माणूस. दिवसभर ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचा.

चांगुणाबाईनं कासव पदरातून काढलं आणि सरळ त्या टोपल्यात सोडलं.

"आगं, मंग मी ट्यूब कुठं बुडवू?" अप्पाराव म्हणाला.

"बाजूला बुडवा. त्येला किती जागा लागती?"

त्याला बरीच जागा लागत होती, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. टोपलं उथळ होतं. अप्पाराव एका टायरशी झटत असताना कासव काठ ओलांडून डांबरी रस्त्यावर निघालं. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज झाला. एका ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, कासव दोन्ही हातांत धरून दुकानात आला आणि म्हणाला, "ये आपका है क्या, चाचा? जल्दी में दिखता है."

मग अप्पारावनं ऑइलचं एक गळकं पिंप घेतलं. छिन्नीनं ते उभं कापलं, धारदार कडा ठोकून आत वळवल्या, भोकं बुजवली, राखेनं घासून घासून धुतलं. पिंपाचा अर्धा भाग म्हणजे चांगला लांबलचक हौद झाला. पाण्याचा टँकर फाट्यावर यायचा. चांगुणाबाई आपल्या वाटणीच्या पाण्यातूनच त्याला घालायची. आधी तोंड-हात धुवायचं पाणी कमी केलं, मग भांडी नुसत्या राखेनं घासायला लागली. शेजारच्या मालनबाईनं विचारलं, "माणसाला प्यायला न्हाई आन् तू कासव पोसून राह्यलीस?"

"कासव पीत न्हाई, नुसतं बसतंय," चांगुणाबाई म्हणाली. "तेच पाणी सांजच्याला वांग्याला घालते. वाया काय गेलं?"

पण कासवाला तो हौद मानवला नाही. ते खाईना. भाकरी टाकली, ती फुगून तळाशी गेली. पुढे त्याचे डोळे सुजले आणि पापण्या उघडेनात. चांगुणाबाई कामावरून येऊन त्याच्यापुढे उकिडवी बसायची. नंदाबाईला लहानपणी गोवर निघाला तेव्हा बसायची, तशीच.

त्याच आठवड्यात परतूरच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची मोटारसायकल पंक्चर झाली. अप्पाराव चाक काढत असताना चांगुणाबाईनं कासव आणून त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, "बाई, मी आजवर कासव तपासलेलं नाही. पण चला, राहतंय कुठं ते तर बघू."

पिंपापाशी येऊन त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि उन्हात धरलं. बोटावर रंगीत तवंग चमकला.

"हे बघा. ऑइल अजून सुटतंय. तुमच्या डोळ्यांत हे गेलं तर? आणि दिवसभर पाण्यातच? जरा बाहेर येऊन अंग वाळवायला जागा द्या. थोडं ऊन, थोडी सावली. आणि भाकरी कशाला? विहिरीत कुणी भाकरी देत होतं का? किडे, गोगलगाय, मासळी असं काही द्या."

"पण आता विहीर कुठून आणायची, साहेब?" अप्पाराव म्हणाला. "सिमेंटचा हौद बांधायचा म्हणजे खर्चा लय."

डॉक्टर पैसे देऊन गेले. अप्पाराव मात्र हवेच्या पंपाला टेकून बसला. दुकानाच्या कोपऱ्यात ट्रकच्या फाटक्या ट्यूबांचा ढीग होता. वर्षानुवर्षं साठलेला, कुणी नेत नाही म्हणून पडलेला. तो त्या ढिगाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून दुकानामागच्या बाभळीखाली त्यानं खड्डा खणायला घेतला. गुडघाभर खोल, खाटेएवढा लांब. निम्मा सावलीत, निम्मा उन्हात. ट्यूबा त्यानं उभ्या चिरून सपाट केल्या, कडा कानशीनं खरखरीत केल्या, सोल्युशन लावून एकीवर एक चिकटवल्या आणि सांध्यांवर दगड ठेवून दाबल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा हेच काम. चांगुणाबाई रात्रीच्या भाकरी लवकर उरकून सांधे दाबून धरायला यायची. शेवटी घोंगडीएवढी काळी रबराची चादर तयार झाली. ती खड्ड्यात अंथरली, काठाला माती लिंपली. उन्हाच्या बाजूला एक झिजलेलं ट्रकचं टायर आडवं ठेवलं, त्यात दगड आणि वाळू भरली आणि पाण्यातून वर यायला फरशीच्या तुकड्यांचा चढ केला.

पाणी भरलं. सकाळी बघतात तर तळं निम्मं झालेलं.

"लीक हाय," अप्पाराव म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या ट्यूबांतली भोकं शोधली होती. हे त्याचं स्वतःचं होतं. त्यानं पाणी उपसून वांग्यांना घातलं, एकेका सांध्यावरून बोट फिरवलं, भोक सापडलं, चकती लावली. त्यानंतर तळं गळलं नाही.

कासवाचे डोळे हळूहळू उघडले. चांगुणाबाईनं बाजारातून सुके बोंबील आणले, भिजवले, आणि काडीला अडकवून पुढे धरले. कासवानं मान लांब केली आणि काडीसकट ओढले. ती "आवो, खाल्लं!" म्हणून ओरडली, तेव्हा रस्त्यावरचे दोघं-तिघं धावत आले.

मग ते टायरवर चढायला शिकलं. सकाळी उन्हं आली की वर यायचं, मान ताठ करायची आणि काम करणाऱ्या अप्पारावकडे बघत बसायचं. स्वतः काही करायचं नाही. म्हणून चांगुणाबाईनं त्याचं नाव मुकादम ठेवलं. रामकिसनला हे कळलं तेव्हा तो मुद्दाम बघायला आला, कासवासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज तेवढा माझ्यावानी न्हाई."

त्या उन्हाळ्यात सगळा मुलूख करपून गेला होता. नुसतं बघत बसावं असं पाणी कुठेच नव्हतं. त्यामुळे एसटीची वाट पाहणारी माणसं आपोआप दुकानामागे वळू लागली. बाभळीच्या सावलीत त्या काळ्या तळ्याकाठी बसायची, बिडी ओढायची, कासव कधी वर येतं ते पाहायची. अप्पारावचं गिऱ्हाईकही थोडं वाढलं. जालन्याचे ड्रायव्हर फाट्याला आले की हवा बराबर असली तरी तपासायला थांबायचे.

त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला. तातेराव पाटलांची विहीर तुडुंब भरली. मग एके दिवशी पाटील स्वतः दुकानात आले.

"अप्पाराव, ते कासव आमच्या विहिरीतलं हाय. विहिरीत कासव असलं की पाणी चोखट राहतं. आमच्या आजोबांनी सोडल्तं. ते परत पाठव."

अप्पारावनं मान खाली घालून चकती घासायला घेतली. चांगुणाबाई तळ्याकडून हात पुसत आली.

"जयभीम, पाटील. कासव तुमचंच हाय, मी कुठं न्हाई म्हणते? पण मला त्येची सवय झालीय. मी रोज बघायला येईन विहिरीवर. आन् विहिरीवर जायचं तर रिकाम्या हातानं कशाला जायचं? घागर घेऊनच येईन."

ती खोचून बोलत नव्हती, भांडत तर बिलकुल नव्हती. बाजाराला निघालेल्या बाईनं सांगावं तसं तिनं सांगितलं होतं. पाटलांनी "बघू" एवढंच म्हटलं आणि ते निघून गेले.

"कशाला बोलली गं?" अप्पाराव नंतर म्हणाला.

"गाळ काढायला चालले, मंग पाणी भरायला का चालू नये?"

पाटील पुढे काही दिवस फाट्याकडे फिरकले नाहीत. भादव्यात एका सकाळी मुकादम तळ्यात नव्हतं, टायरवर नव्हतं. चांगुणाबाईनं रस्ता पाहिला, नाली पाहिली. शेवटी ते वांग्याच्या वाफ्यात सापडलं. मागच्या पायांनी माती उकरून त्यानं खड्डा केला होता आणि त्यात पांढरी गोल अंडी घालत होतं.

"आवो, मुकादम बाई निघाली!" ती पोट धरून हसत खालीच बसली.

ही बातमी फाट्यावरून गावात जायला वेळ लागला नाही. दुपारी पाटलांच्या गिरिजाबाई आल्या. त्या कधी फाट्यावर येत नसत. बाभळीखाली उभ्या राहून त्यांनी तळं पाहिलं, टायरवर थकून पसरलेलं कासव पाहिलं, वाफ्यातली थापटून सारखी केलेली माती पाहिली. कुत्र्या-मुंगसांनी उकरू नये म्हणून चांगुणाबाई तिथे बोरीच्या काट्या रोवत होती.

"एकलीनं करून राह्यलीस?" गिरिजाबाई म्हणाल्या, आणि लुगडं सावरून काट्या द्यायला खाली बसल्या. कुंपण पुरं झाल्यावर चांगुणाबाईनं चहा ठेवला. कप पुढे करताना ती क्षणभर थांबली. गिरिजाबाईंनी हात लांब करून तो घेतला आणि प्यायल्या.

"आमचे मालक म्हणतील कासव पाठवा. पाठवू नको," त्या उठताना म्हणाल्या. "बाळंतिणीला कुणी हलवत असतंय का? आन् तू म्हणलीस ते कळलं मला. घागर घेऊन ये उद्या. मी हाय तिथं."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई गेली. एकटी नाही, मालनबाई होती, वाड्यातल्या आणखी दोघी होत्या. गिरिजाबाई पायऱ्यांवर कपडे धूत बसल्या होत्या. तातेराव पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी उभे होते. त्यांनी या चौघींना पाहिलं, मग वळून शेताकडे निघून गेले. चौघींनी घागरी भरल्या. गावात चार दिवस कुजबुज झाली, एकदोघांनी पाटलांना विचारलंही. ते म्हणाले, "गाळ काढला तवा कुणी इचारलं न्हाई." त्यानंतर त्या विहिरीवर पाणी भरायला कोणी कोणाला अडवलं नाही.

अंड्यांतून पिल्लं निघाली ती पुढच्या मिरगात. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. काही दुधना नदीत सोडली, काही पाटलांच्या विहिरीत, गिरिजाबाईंच्याच हातानं. मुकादम मात्र फाट्यावरच राहिलं.

अठ्ठ्याहत्तर साली फाट्यावरचा रस्ता रुंद करायला घेतला आणि दुकान मागे सरकवावं लागलं. तळ्यावरून नाली जाणार होती. कामावरचा मिस्त्री, कारभारी त्याचं नाव, महिनाभर त्याच तळ्याकाठी बसून भाकर खात होता. त्यानं उरलेली वाळू, फुटक्या गोणीतलं सिमेंट आणि विटांचे तुकडे गोळा केले आणि एका रविवारी नव्या दुकानामागे पक्का हौद बांधून दिला. चांगुणाबाई शेजारी उभी राहून सांगत होती, चढ इथं कर, उतार जास्ती नको, ऊन इकडून येतं. सिमेंटचा खार निघून जाईपर्यंत तिनं हौद पुन्हा पुन्हा भरून रिकामा केला. तोवर मुकादम त्या कापलेल्या पिंपात होतं, जे आता स्वच्छ झालं होतं.

मग एका संध्याकाळी त्याला नव्या हौदात सोडलं. त्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली, चढ शोधून काढला आणि वर येऊन बसलं. अप्पाराव आणि चांगुणाबाई बशीत ओतून चहा पीत होते. परतूरची एसटी वळताना कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"मावशी, नव्या घरात करमलं का मुकादमाला?"

"करमंल की," चांगुणाबाई म्हणाली. "सामान कुठं हाय त्येचं? आलं आन् बसलं."